यंत्र नको, खोली द्या: इंदूरच्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह, कोषाध्यक्ष व विश्वस्त,
इंदूरमधील सर्व मराठी गणेशोत्सव मंडळे, सांस्कृतिक संस्था व धर्मादाय न्यास

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आषाढ लागला की आपल्या मंडळांच्या बैठका सुरू होतात, मागील वर्षाचा हिशेब वाचला जातो, वर्गणीचे आकडे ठरतात आणि शिल्लक रकमेतून यंदा कोणते सत्कार्य करावे हा विषय सहसा अगदी शेवटी, लोक चपला शोधू लागलेले असताना निघतो. गेल्या वर्षी अशाच एका बैठकीला मला बोलावले होते. मंडळाने काही रक्कम बाजूला काढली होती आणि तिच्यातून ‘कॅन्सरच्या लहान मुलांसाठी’ एखादे यंत्र घेऊन द्यावे, त्यावर मंडळाच्या नावाची पाटी असावी, असा विचार होता. “तुमचा जन्म रक्ताच्या बाटल्यांत गेला, तुम्हीच सांगा कोणते यंत्र घ्यायचे,” असे अध्यक्षांनी मला विचारले. मी तेव्हा “यंत्र नको, खोली द्या” एवढेच बोलून बसले आणि माझे म्हणणे कोणाच्या फारसे लक्षात आले नाही. दोष माझाच, कारण ही गोष्ट दोन वाक्यांत उरकण्यासारखी नव्हती. म्हणून यंदाच्या बैठकांच्या आधीच ती सविस्तर लिहीत आहे.

इंदूरमधील एका रुग्णालयाच्या रक्ततपासणी विभागात मी ३१ वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम केले. मी डॉक्टर नाही, औषधे लिहून देण्याचा माझा अधिकार नाही. माझा संबंध काचपट्टीशी. रक्ताचा थेंब काचेवर ओढून पसरायचा, त्यावर लीशमनचा रंग चढवायचा, धुऊन वाळवायचा आणि तेलाचा थेंब ठेवून शंभराच्या भिंगाखाली पाहायचा. निरोगी मुलाच्या काचेवर लाल पेशींच्या गर्दीत पांढऱ्या पेशी तुरळक दिसतात आणि त्याही नाना तऱ्हांच्या असतात. ल्युकेमियाच्या काचेवर मात्र एकाच साच्यातून काढल्यासारख्या पेशी ओळीने भेटत जातात: मोठा जांभळा गाभा, भोवती निळसर द्रव्याची जेमतेम किनार, आणि आजूबाजूला प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या बारीक पेशी, शोधूनही सापडत नाहीत. अशी काच दिसली की मी फोन करत नसे, उठून डॉक्टरांच्या खोलीत जात असे. फोनवर ही बातमी सांगताना आपला आवाज बाहेर बाकावर बसलेल्या आईला ऐकू जाईल, ही भीती मला शेवटपर्यंत राहिली.

लहान मुलांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये ल्युकेमिया, ज्याला आपण सरसकट ब्लड कॅन्सर म्हणतो, तो सर्वांत जास्त आढळतो, आणि त्यातही ‘ए.एल.एल.’ म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा प्रकार प्रमुख आहे. दोन ते पाच या वयात तो अधिक दिसतो. लिम्फोमा हा त्याचा चुलतभाऊ. तो मुख्यतः लसिकाग्रंथींत, म्हणजे मान, काख, छाती, पोट येथील गाठींत वाढतो. या दोन्ही आजारांविषयी आपल्या मनात अजून जुन्या चित्रपटातला ब्लड कॅन्सर आहे, ज्यात नायक शेवटच्या रिळात खोकत नाहीसा होतो. वस्तुस्थिती अशी आहे की श्रीमंत देशांत ए.एल.एल. झालेली दहापैकी नऊहून अधिक मुले आज पाच वर्षांनंतरही जिवंत असतात आणि त्यांतील बहुतेक कायमची बरी होतात. हॉजकिन लिम्फोमाचे निकालही तितकेच चांगले आहेत. बर्किट लिम्फोमाची गाठ इतक्या झपाट्याने वाढते की काही दिवसांत पोट फुगलेले दिसावे, पण तोही काही महिन्यांच्या तीव्र केमोने बरा होऊ शकतो.

हे आपोआप झालेले नाही, आणि या प्रवासाची सुरुवात आपल्याला वाटते तितकी परकी नाही. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर भारतात आल्या आणि मुंबईत त्यांनी कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या पंडुरोगाचा अभ्यास केला. परळची हाफकिन संस्था हे त्यांच्या कामाचे एक ठिकाण होते. यीस्टच्या अर्काने त्या बायकांचे रक्त सुधारते, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे ज्याला आपण आज फोलिक आम्ल म्हणतो तो. पुढे बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांना असे दिसले की ल्युकेमियाच्या मुलांना फोलिक आम्ल दिले तर आजार उलट भडकतो. मग त्याला अडवणारे द्रव्य दिले तर? ते द्रव्य, अमिनोप्टेरिन, ज्या प्रयोगशाळेने पुरवले तिच्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. फार्बर यांनी १९४८ मध्ये जे निष्कर्ष छापले त्यांत १६ पैकी १० मुलांच्या रक्तात सुधारणा दिसली होती. ती टिकली नाही, पण ल्युकेमिया औषधाने मागे हटतो हे पहिल्यांदाच दिसले. त्याच घराण्यातले मेथोट्रेक्सेट हे औषध आज इंदूरमधील मुलेही आठवड्यातून एकदा गिळतात. गिरणीतल्या त्या बायकांची नावे कोणी लिहून ठेवली असतील असे वाटत नाही, पण त्यांत कोकणातल्या नि घाटावरच्या बायका असणारच, हा माझा अंदाज आहे आणि तो मी सोडणार नाही.

दुसरे औषध आपल्या अंगणातले. सदाफुलीच्या पानांपासून काढलेले व्हिन्क्रिस्टीन १९६३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि आजही ए.एल.एल.च्या पहिल्या महिन्यात दर आठवड्याला शिरेतून दिले जाते. (सदाफुलीची पाने चावून कोणी हा आजार बरा करायला जाऊ नये, ते विषारी आहे आणि तसे करणारी माणसे मी पाहिली आहेत.) तिसरे सिक्स-मर्कॅप्टोप्युरिन, १९५३ पासून वापरात असलेले, गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी शोधलेले; दोघांना १९८८ मध्ये नोबेल मिळाले. १९६० च्या दशकात मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी ही औषधे एकेक न देता एकत्र, ठरावीक क्रमाने आणि मेंदूच्या आवरणात लपलेल्या पेशींनाही गाठेल अशा रीतीने द्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे निम्मी मुले बरी होऊ लागली.

म्हणजे मुख्य औषधे साठ-सत्तर वर्षांपूर्वीची आहेत, बहुतेक आपल्या देशात बनतात आणि त्यांतील गोळ्या तर स्वस्त आहेत. मग आपल्याकडची मुले कोठे हरवतात? कोणते यंत्र, या प्रश्नापेक्षा आपण हा प्रश्न आधी विचारायला हवा होता.

काही निदानाच्या आधीच हरवतात. माझ्याच भाचीचा मुलगा चार वर्षांचा असताना पाय दुखतात म्हणून रडायचा आणि त्याला अधूनमधून ताप येई. जवळच्या डॉक्टरांनी सांधेदुखी समजून त्याला स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. मुलगा तीन दिवसांत खेळू लागला आणि घरात सर्वांनी त्या डॉक्टरांचे गुणगान केले. मीही केले, हे लिहिताना मला आजही लाज वाटते. स्टेरॉइड हे ए.एल.एल.वरचेही औषध आहे. ते असे एकटे दिले की वाईट पेशी काही आठवडे दबतात, काच फसवी दिसते, आणि नंतर आजार परत डोके काढतो तेव्हा तो मुळात किती जोरकस होता याचा अंदाज डॉक्टरांना नीट बांधता येत नाही. माझ्या हाताशी भिंग असताना त्या मुलाचे साधे सी.बी.सी., म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करून घ्यावे असे मला सहा आठवडे सुचले नाही. तो आज बरा आहे आणि कॉलेजात शिकतो, म्हणून हे सांगता येते. लिम्फोमाच्या बाबतीत असाच घोटाळा क्षयाशी होतो: मानेत गाठ दिसली की तिचा तुकडा न तपासता टी.बी.च्या गोळ्या सुरू होतात, गाठ थोडी कमी-जास्त होत राहते आणि महिने जातात. दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला ताप, कारण नसताना उठणारे काळे-निळे डाग, हिरड्यांतून रक्त, फिकट पडलेला चेहरा, रात्री उठवणारी हाडांची दुखणी किंवा न दुखणारी वाढती गाठ असेल तर सी.बी.सी. आणि स्मीअर (म्हणजे काचपट्टीवरची तपासणी) आधी, स्टेरॉइड नंतर, एवढे वाक्य आपल्या मंडपात आरतीच्या वेळी कोणी मोठ्याने वाचून दाखवले तरी चालेल.

काही उपचार चालू असताना तापाने जातात. केमोमुळे पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असताना मुलाला ताप आला तर सलाइनमधून प्रतिजैविक तासाभरात सुरू व्हावे, असा नियम आहे. मूल रुग्णालयाजवळ असेल तर हा नियम पाळता येतो. ते बडवानीच्या पुढच्या एखाद्या फळियात, म्हणजे आदिवासी पाड्यावर असेल, रात्रीचे अकरा वाजलेले असतील आणि गाडी सकाळी सहाची असेल, तर नियम कागदावर राहतो.

आणि काही मुले येणेच बंद करतात. हे सर्वांत कमी बोलले जाते, म्हणून यावर मी थोडी रेंगाळणार आहे.

ए.एल.एल.चा उपचार दोन ते अडीच वर्षांचा असतो, हे आई-बापांना पहिल्या दिवशी सांगितले जाते, पण त्या दिवशी त्यांना काही ऐकू येत नसते. निदानाच्या वेळी मुलाच्या अंगात या पेशी सुमारे एक लाख कोटी असतात. पहिल्या चार-पाच आठवड्यांच्या केमोनंतर बहुतेक मुलांची काच स्वच्छ होते, ताप जातो, भूक परत येते. काच स्वच्छ असली तरी अंगात हजार कोटींपर्यंत पेशी दडलेल्या असू शकतात. भिंगाला त्या दिसत नाहीत इतकेच. पुढचे काही महिने जोरदार केमो, पाठीतून दिली जाणारी इंजेक्शने, आणि त्यानंतर दीड ते दोन वर्षांचा ‘मेन्टेनन्स’ हे सगळे त्या दडलेल्यांसाठी असते. मेन्टेनन्समध्ये मूल घरी असते, शाळेत जाऊ शकते. रोज रात्री मर्कॅप्टोप्युरिन, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि ठरलेल्या दिवशी रक्त तपासून डोस कमी-जास्त करून घेणे, एवढेच काम उरते. दिसायला सोपे वाटणारे हे काम किती कठीण आहे, ते या गोळ्या देणाऱ्या आईला विचारावे. गोळी ५० मिलिग्रॅमची, मुलाला लागते तिची अर्धी किंवा आठवड्यात तीन दिवस अर्धी नि चार दिवस पाऊण. एक वडील वर्तमानपत्राच्या तुकड्यावर दाढीच्या पात्याने ती गोळी कापताना मी पाहिले आहेत. पाते घसरले की भुगा होई, मग तो भुगा बोटाने गोळा करून मुलाच्या जिभेवर.

त्यांचाच मुलगा आलीराजपूरकडचा, सहा वर्षांचा. वडील वर्षातले सात-आठ महिने गुजरातेत बांधकामावर मजुरीला जात. पहिला महिना त्यांनी रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर, पुढचे चार एका नातेवाइकाच्या खोलीत काढले. मुलाची काच स्वच्छ झाली, केस परत आले, मेन्टेनन्स सुरू झाला. आठव्या महिन्यात ते येईनासे झाले. फोन लागत नव्हता. मजुरीला जाणाऱ्यांचे नंबर बदलतात. सात महिन्यांनी तो मुलगा आला तेव्हा नोंदवहीतले नाव पाहून मला आनंद झाला आणि दहा मिनिटांनी काच भिंगाखाली गेली तेव्हा तो संपला. “अब तो छोरा दौड़ने लगा था, मैडम,” वडील एवढेच म्हणाले. त्यांच्यावर रागावण्याचा हक्क कोणाला आहे, मला कळत नाही. एका तपासणीसाठी दोनशे किलोमीटर येणे, दोन दिवसांची मजुरी बुडवणे, रात्र कोठे काढायची हे माहीत नसणे, घरी आणखी तीन मुले असणे, आणि ज्याच्यासाठी हे करायचे तो अंगणात धावत असणे, अशा वेळी आपण काय केले असते? आजार उलटल्यावर उपचार पहिल्यापेक्षा कठीण आणि महाग असतो, आणि यश पुष्कळ कमी.

गोळ्यांतली थोडी हयगयही महागात पडते. अमेरिकेत डॉ. स्मिता भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळ्यांच्या बाटलीच्या झाकणात इलेक्ट्रॉनिक चिप बसवून ती कधी उघडली जाते याची नोंद ठेवली. ज्या मुलांनी मर्कॅप्टोप्युरिनचे ९५ टक्क्यांहून कमी डोस घेतले, त्यांच्यात आजार उलटण्याचा धोका दुपटीहून अधिक होता. महिन्यातून दोनच रात्री चुकल्या तरी आपण त्या रेषेखाली येतो. हे अमेरिकेतल्या, घरी नळ नि फ्रिज असलेल्या कुटुंबांबद्दल आहे.

आता आपल्या रकमेकडे येते.

आपल्यापैकी अनेक न्यासांकडे शहरात वास्तू आहेत. रुग्णालयांपासून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर आठ-दहा खोल्या, प्रत्येक कुटुंबाला वेगळा ओटा नि गॅस, गाळलेले पाणी, स्वच्छ संडास, रात्री ताप आला तर निघणारी एक रिक्षा आणि तिचा ठरलेला चालक, एवढे मिळाले तर तापाने जाणे आणि उपचार सोडणे, या मी वर सांगितलेल्या दोन्ही दारांवर पहारा बसतो. मुंबईत हे काम सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ पासून करत आहे, आणि टाटा स्मारक रुग्णालयाने तर निवास, आहार, पैसा आणि पाठपुरावा यांची सांगड घालून अर्धवट उपचार सोडणाऱ्या मुलांचे प्रमाण पुष्कळ खाली आणले आहे. एक सूचना आगाऊ करते, कारण कोणीतरी नक्कीच उदार मनाने आपला जुना वाडा देऊ करील: ओल धरलेला, पोपडे सुटलेला, कबुतरांनी भरलेला वाडा या मुलांसाठी नको. पांढऱ्या पेशी कमी असलेल्या मुलाच्या फुप्फुसात भिंतीवरची बुरशी घर करते. लहान, कोरडी, साधी, चुना लावलेली खोली पुरे.

दुसरी गोष्ट प्लेटलेटची. आपण अनंत चतुर्दशीच्या आसपास रक्तदान शिबिर घेतो, दीडशे-दोनशे पिशव्या एका दिवसात जमतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. मी त्या शिबिरांत वर्षानुवर्षे बसले आहे, म्हणून हे टीका म्हणून लिहीत नाही. पण लाल पेशी महिनाभराहून अधिक टिकतात, प्लेटलेट फक्त पाच दिवस, आणि त्याही २० ते २४ अंशांत सतत हलत्या ठेवून. केमोतल्या मुलाला त्या दिवाळीच्या पाडव्यालाही लागतात आणि रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या दिवशीही, जेव्हा निम्मे शहर राजवाड्यावर असते. एकाच दात्याकडून यंत्राद्वारे प्लेटलेट घेतल्या, ज्याला एस.डी.पी. म्हणतात, तर तास-दीड तास लागतो, उरलेले रक्त दात्याला परत मिळते आणि काही दिवसांनी तोच दाता पुन्हा देऊ शकतो. आपल्या ढोल-ताशा पथकांत किती धडधाकट मुले-मुली आहेत! एका पथकाने एक महिना, पुढच्याने पुढचा, अशी वर्षाची पाळी लावली आणि रक्तपेढीला रक्तगटांसह यादी दिली, तर प्लेटलेटसाठी रात्री बाहेर उभ्या राहणाऱ्या बापाला अनोळखी लोकांसमोर हात पसरावे लागणार नाहीत. याला पैसा जवळजवळ लागत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे पगारी माणूस. दानशूर लोकांना पगार देण्याचा कंटाळा असतो, कारण पगारावर पाटी लावता येत नाही. पण एक निमाडी-भिली जाणणारी, हिशेबी, फोन उचलणारी मुलगी, जिच्याकडे मेन्टेनन्सवरील प्रत्येक मुलाची तारीख, दोन-तीन नातेवाइकांचे नंबर, गावातल्या आशा कार्यकर्तीचे नाव आहे आणि जी ठरलेल्या दिवशी मूल आले नाही तर दुसऱ्या सकाळी फोन करते, ती कोणत्याही यंत्राहून अधिक मुले वाचवील असे माझे स्पष्ट मत आहे. तिनेच रेल्वेची सवलत (कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी शयनयान वर्गात तिकीट माफ, सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सूट) आणि आयुष्मान कार्डाचे कागद समजावून द्यावेत. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार देणारी आयुष्मान योजना २०१८ पासून आहे आणि तिने खूप कुटुंबे वाचवली, हे मान्य करायला हवे. ‘सरकार देते की’ असे बैठकीत कोणी म्हणाले तर ते खोटे नाही. मात्र त्या कार्डावर बुडालेली मजुरी, बसचे तिकीट आणि रात्रीचा निवारा मिळत नाही, आणि मुले हरवतात ती नेमकी तेथेच.

आता संशोधनाबद्दल, कारण काही न्यासांच्या घटनेत ‘वैद्यकीय संशोधनास साहाय्य’ असे कलम आहे आणि ते वर्षानुवर्षे कोरे पडले आहे. संशोधन म्हटले की आपल्यासमोर पांढरा कोट आणि परदेश येतो. बाहेर जे चालले आहे ते खरोखर थक्क करणारे आहे: ब्लिनाटुमोमॅब हे औषध मुलाच्या स्वतःच्या टी-पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, ल्युकेमियाच्या पेशींशेजारी आणून उभे करते, आणि २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साध्या केमोला त्याची जोड दिलेल्या मुलांपैकी ९६ टक्के तीन वर्षांनंतर आजारमुक्त होती, नुसत्या केमोवरची सुमारे ८८ टक्के. आय.आय.टी. मुंबई आणि टाटा स्मारक यांच्या प्रयत्नांतून बनलेल्या पहिल्या भारतीय कार-टी उपचाराला (ज्यात रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, बदलून परत देतात) २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मान्यता मिळाली, आणि तो परदेशी उपचारापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे, तरी आपल्या एका मंडळाच्या शिलकीत बसण्यासारखा नाही. हे सर्व इंदूरला पोचेल तेव्हा पोचेल. तोपर्यंत ज्या मुलांना ते द्यायचे ती जिवंत आणि संपर्कात हवीत.

आपल्या आवाक्यातले संशोधन निराळे आहे. भारतातल्या अनेक केंद्रांनी एकत्र येऊन मुलांच्या ल्युकेमियासाठी ‘आयसिकल’ (ICiCLe) नावाचा गट उभा केला आणि ए.एल.एल.ची देशपातळीवरील तुलनात्मक चाचणी घेतली. त्यांच्या प्रश्नांपैकी एक असा होता: कमी धोक्याच्या लहान मुलांना पहिल्या टप्प्यात स्टेरॉइड पाच आठवडे द्यायचे की तीनच? हा प्रश्न आपल्या मातीतला आहे, कारण आपल्याकडे पहिल्या महिन्यात संसर्गाने मुले अधिक जातात आणि स्टेरॉइडने संसर्ग बळावतो. बोस्टनला हा प्रश्न पडण्याची निकड नाही. तसेच ‘एन.यू.डी.टी.१५’ नावाच्या जनुकातील बदलांचे आहे: ज्यांच्यात ते असतात त्यांचे काउंट, म्हणजे रक्तपेशींचे आकडे, मर्कॅप्टोप्युरिनच्या नेहमीच्या डोसने धोकादायक खाली जातात, आणि हे बदल युरोपीय लोकांपेक्षा आशियाई लोकांत अधिक आढळतात. अशा तपासण्या, आणि दहा हजारांत एक दडलेली पेशी शोधणारी ‘एम.आर.डी.’ तपासणी, ज्या कुटुंबांना परवडत नाही त्यांच्यासाठी एक निधी ठेवला तर ‘संशोधनास साहाय्य’ हे कलम जागे होईल. त्या एम.आर.डी.वरून कोणाला केमो वाढवायची आणि कोणाला कमी पुरे, हे ठरते. आणि कमी पुरेशी असताना जास्त देणे हेही नुकसानच, कारण काही औषधांचा परिणाम हृदयावर वीस-तीस वर्षांनी दिसतो.

‘आमच्या मुलावर प्रयोग नको’ असे चाचणीच्या नावाने घाबरणारे सुशिक्षित मराठी पालक मी पाहिले आहेत. त्यांना एवढेच सांगावे की मंजूर चाचणीत मुलाला आजवरचा चांगला उपचार मिळतोच, कोणालाही उपचाराविना ठेवले जात नाही, नैतिक समितीची देखरेख असते आणि पालक कधीही बाहेर पडू शकतात. शिवाय आज जे ‘नेहमीचे’ औषध आहे ते प्रत्येक कोणाच्या तरी मुलाने चाचणीत घेतलेले होते. आणि ती फोन करणारी मुलगी जी वही ठेवील, कोण कोणत्या आठवड्यात आले नाही, का आले नाही, परत आले का, ती वही पाच वर्षांनी कोणत्याही डॉक्टरला सोन्यासारखी वाटेल. माळवा-निमाडातील मुले उपचार कोठे सोडतात, हे न्यूयॉर्कला बसून कोणी शोधणार नाही.

एक आक्षेप मला त्या बैठकीतच, हळू आवाजात, ऐकू आला होता: यात मराठी मुले किती असतील? फार थोडी. बहुतेक भिल्ल, बारेला, निमाडी शेतमजुरांची, काही मुस्लिम विणकरांची असतील. अहिल्याबाईंचे नाव घेऊन उत्तर देण्याचा मोह मी आवरते, कारण ते नाव आपण फार स्वस्तात वापरतो. माझ्या थोरल्या दिरांना १९९० च्या सुमारास टाटामध्ये न्यावे लागले. अवंतिका एक्सप्रेसने आम्ही मुंबईला उतरलो तेव्हा ओळखीचे कोणी नव्हते आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आम्ही सात आठवडे राहिलो. शेजारच्या खाटेवर बिहारचे कुटुंब होते, पलीकडे आसामचे. आम्ही कोठले, कोण, हे नोंदवहीत लिहिण्यापलीकडे कोणी विचारले नाही.

माझी मागणी एवढीच आहे की यंदाच्या बैठकीत हा विषय वर्गणीच्या आधी घ्यावा. मी वेळ काढून येईन. संध्याकाळी सातनंतर मला केव्हाही जमते. न्यासाच्या कोणत्या वास्तू रिकाम्या आहेत, त्यांची दारे-खिडक्या कशी आहेत आणि पाणी कोठून येते, याची यादी कोणी तयार ठेवली तर आपण त्याच रात्री दोन-तीन जागा पाहून येऊ.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
रामबाग, इंदूर